वेगाला अंगण हवे

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा आरे-वाऱ्याचा किनारी रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्याबद्दल वेगळे सांगायला नको. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला डोंगर आणि मध्ये वळसे घेत चढणारा-उतरणारा रस्ता. गेल्या थंडीत एका रविवारी सकाळी मी त्या रस्त्याने परतत होतो. समोरून एक स्कूटर आली. तिच्यावर तीन मुले होती. चालवणाऱ्याला अजून मिसरूडही फुटले नव्हते. वळणावर रेती पसरली होती. त्याने घाबरून पुढचा ब्रेक दाबला, चाक घसरले, स्कूटर माझ्या बाजूला झेपावली आणि अगदी शेवटच्या क्षणी कशीबशी सावरली. मुले खिदळली आणि निघून गेली. मी मात्र गाडी कडेला लावून पाच-सात मिनिटे नुसता बसून राहिलो.

त्यांना थांबवून चार शब्द सुनवायला हवे होते, हे घरी आल्यावर सुचले. पण सुनावणार काय होतो? ‘हळू चालवा रे’? हे वाक्य त्या मुलांनी आईकडून, आजीकडून, शाळेतल्या सरांकडून आणि घाटातल्या प्रत्येक पाटीवरून ऐकलेले आणि वाचलेले असणार. रेतीवर पुढचा ब्रेक दाबायचा नसतो, वळणात नजर चाकापुढच्या खड्ड्यावर नव्हे तर वळण जिथे संपते तिथे ठेवायची असते, हे मात्र त्यांना कुणीही सांगितलेले नसणार. आणि सांगून तरी काय उपयोग? पोहणे जसे काठावर उभे राहून सांगून येत नाही, तसेच हे.

मग आठवली ती आमची बेअरिंगची गाडी. आज साठीत असलेल्या बहुतेक वाचकांनी ती केलेली किंवा निदान पाहिलेली असेल. गॅरेजच्या मागच्या उकिरड्यातून टाकाऊ बेअरिंगे मिळवायची, फणसाचे नाहीतर आंब्याचे एखादे जाडसर फळकूट पैदा करायचे, मागे एक पक्का आस, पुढे मधोमध बोल्ट मारून फिरती ठेवलेली आडवी पट्टी आणि तिच्या दोन टोकांना सुतळी. झाली मोटार! रत्नागिरी हे गाव देवाने जणू याच खेळासाठी उतारावर वसवले आहे. मारुती मंदिराकडून खाली गावात उतरणाऱ्या रस्त्यावर तेव्हा वाहने इतकी तुरळक असत, की एसटी गेली की पुढची येईपर्यंत रस्ता आमचा. ब्रेक म्हणजे आपली टाच. ती किती वेळ रस्त्याला लावायची आणि कधी उचलायची, यात चूक झाली की गुडघा सोलवटून निघे आणि घरी गेल्यावर पाठही. पण त्या सोलवटलेल्या गुडघ्यांनी आम्हाला जे शिकवले, ते पुढे लायसन्ससाठी काढलेल्या आठच्या आकड्याने शिकवले नाही.

आता ते रस्ते राहिलेले नाहीत. त्या उतारावर आज एखादे पोर फळकुटावर बसून निघाले, तर पहिल्या चौकापर्यंतही पोहोचणार नाही. वेगाची ओढ मात्र तीच आहे. बेअरिंगच्या गाडीची जागा घरातल्या एकशेदहा किंवा एकशेपंचवीस सीसीच्या स्कूटरने घेतली, एवढाच फरक. आणि तो फरक जीवघेणा आहे.

हे मी हवेत बोलत नाही. नव्वदच्या दशकात मी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत कर्जविभागात होतो. दुचाकीसाठी कर्ज मागणाऱ्यांची तेव्हा रीघ लागलेली असे. एक प्राथमिक शिक्षक आले. नेमस्त, सरळ माणूस. पगाराचा दाखला, दोन जामीनदार, स्वतःचा हिस्सा, सगळे कागद चोख. मी दोन दिवसांत कर्ज मंजूर केले. त्यांनी शाखेत पेढे वाटले. सात-आठ महिन्यांनी त्यांचा मुलगा, दहावीतला, वडील झोपलेले असताना ती मोटारसायकल घेऊन बाहेर पडला आणि एका वळणावर समोरून आलेल्या ट्रकखाली गेला. चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हते, त्यामुळे गाडीच्या विम्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला गुरुजी नेहमीप्रमाणे काउंटरपाशी उभे होते. मी उठून बाहेर गेलो. ते म्हणाले, “साहेब, गाडी गेली, पोरगा गेला. हप्ता तेवढा राहिलाय. तो चुकवणार नाही.” त्यांनी तो खरोखरच चुकवला नाही. शेवटच्या हप्त्यापर्यंत प्रत्येक पाच तारखेला मी खाली मान घालून काहीतरी लिहीत असल्याचे सोंग करीत असे.

त्या कर्जाच्या अर्जात बत्तीस-एक रकाने होते. घरात ही गाडी कोण कोण चालवील आणि त्यांना ती कुणी शिकवली आहे, असा रकाना नव्हता. आजही नसेल.

असे काही घडले की आपण दोन गोष्टी करतो. हळहळतो आणि कायदा कडक करा म्हणतो. कायदा पुरेसा कडक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. तरीही २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका आलिशान मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे. त्याला जामीन देताना सुरुवातीला अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा महाराष्ट्र संतापला. मी जन्मभर शब्दांवर प्रेम केलेला माणूस आहे. पण शब्दांनी ब्रेक लागत नाही, एवढे मलाही कळते.

कायद्यात एक गंमतही आहे. सोळा वर्षांच्या मुलाला पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचे लायसन्स मिळू शकते. हे कलम लुनाच्या जमान्यातले. १९७२ साली जन्मलेल्या त्या लुनेने आपल्या मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांना हळूहळू, पायडल मारत-मारत वाहन चालवायला शिकवले. आज पेट्रोलवरची तशी पन्नास सीसीची गाडी दुकानात मिळत नाही. विजेवरच्या अगदी मंद गाड्या सोडल्या, तर सायकल आणि एकशेदहा सीसी यांच्यामधली पायरीच निखळून पडली आहे. जिन्याची मधली पायरी काढून घ्यायची आणि पोर पडले की त्याला दंड करायचा, असा हा प्रकार आहे.

ही मधली पायरी कुणी कशी बांधली, हे शोधताना मला जर्मनीतला एक खेळ सापडला. त्याचे नाव ‘कार्ट स्लॅलम’. कार्ट म्हणजे जमिनीलगत बसलेली, छप्पर नाही, दारे नाहीत, चार छोटी चाके आणि मागे एक छोटे इंजिन अशी गाडी. पहिली कार्ट १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या, शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन लावून केली. म्हणजे ती आमच्या बेअरिंगच्या गाडीची थोडी श्रीमंत मावसबहीणच. स्लॅलम हा शब्द मूळचा नॉर्वेचा, बर्फावरच्या खेळातला. त्याचा अर्थ वाचून मला हसू आले. उतारावरची वाट!

या खेळाला ट्रॅक लागत नाही, हे त्याचे पहिले वैशिष्ट्य. सुट्टीच्या दिवशी रिकामा असलेला एखादा वाहनतळ किंवा फरसबंद पटांगण घ्यायचे आणि त्यावर रबरी शंकू मांडून वाट आखायची. कुठे दोन शंकूंचा दरवाजा, कुठे नागमोडी रांग, कुठे अरुंद बोळ, कुठे गरकन वळसा. मुले सात-आठ वर्षांच्या वयापासून अठराव्या वर्षापर्यंतची, वयाप्रमाणे गट पाडलेले. एका वेळी वाटेवर एकच कार्ट. शेजारी कुणी नाही, धडक नाही, ढकलाढकल नाही. झुंज घड्याळाशी. शंकू पाडला की दोन सेकंदांचा दंड, दरवाजा चुकवला तर त्याहून मोठा. त्यामुळे नुसता जोरात जाणारा मुलगा हटकून हरतो. जो वळणाच्या आधी वेग कमी करतो, वळणात डोके शांत ठेवतो आणि वळण सुटल्यावर वेग घेतो, तो जिंकतो. वेग तसा फार नसतोच. सायकल उतारावरून जोरात आली तर होतो तेवढा. आणि सगळ्यांत मला आवडली ती गोष्ट म्हणजे, गाडीत बसण्याआधी मुले ती वाट पायी चालून बघतात. प्रत्येक वळण पायांनी मोजतात, मनात साठवतात. आपण मात्र ज्या पोरांना घाटात सोडतो, त्यांनी घाट फक्त खिडकीतून पाहिलेला असतो.

दुसरे वैशिष्ट्य पैशाचे. कार्ट क्लबची असते, मुलाची नव्हे. सगळे त्याच गाडीवर पाळीपाळीने बसतात. बाप डॉक्टर असो की गवंडी, इंजिन सारखेच. गवंडी हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. पुढे सात वेळा जगज्जेता झालेला मायकेल शूमाखर हा गवंड्याचा मुलगा. तो चार वर्षांचा असताना बापाने त्याच्या पायडलच्या गाडीला मोटारसायकलचे छोटे इंजिन बसवले. पोराने ती नेऊन दिव्याच्या खांबावर आदळली. आई-बापांनी काय करावे? गाडी जप्त केली नाही. पोराला उचलून कार्टच्या मैदानावर नेले. पुढे बाप त्या मैदानावर कार्टची दुरुस्ती करू लागला, आई तिथल्या उपाहारगृहात राबू लागली. शूमाखर स्लॅलममधून आला नाही आणि प्रत्येक पोर शूमाखर होणार नाही. पण खांबावर आदळलेल्या पोराला रागावून घरी बसवायचे की मैदानावर न्यायचे, हा त्या घराने घेतलेला निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

मुलींसाठीही हा खेळ आहे. युरोपात काही वर्षांपूर्वी तेरा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी शहरांच्या मध्यवस्तीत अशा शंकूंच्या वाटा मांडून निवडस्पर्धा घेतल्या गेल्या. २०१९ साली रोमजवळ वाल्लेलुंगाला मोटारखेळांचा जो जागतिक मेळावा भरला, त्यात कार्ट स्लॅलममध्ये प्रत्येक देशाच्या संघात एक मुलगा आणि एक मुलगी होती. आपल्याकडे मुलगी अठरा वर्षांची झाली की तिला स्कूटर घेऊन देतात आणि शिकवतो कोण, तर तिच्याहून दोन वर्षांनी लहान असलेला भाऊ, जो स्वतःच बेकायदा शिकलेला असतो.

कुणी म्हणेल, हे सगळे परदेशातले कौतुक झाले. कोकणात याचे काय? तर वाचकहो, कोकणात हे पूर्वीपासून आहे. फक्त इंजिनाच्या जागी बैल आहेत. आषाढ-श्रावणात संगमेश्वर, लांजा, चिपळूण, रत्नागिरी या भागांत चिखल नांगरणीच्या स्पर्धा होतात. गुडघाभर चिखलाचे शेत, त्यात आखून दिलेला फेरा, एका वेळी एकच जोडी आणि हातात घड्याळ घेतलेले पंच. घाटी बैलांचा गट निराळा, गावठी बैलांचा निराळा. नुसते उधळणारे बैल इथे उपयोगाचे नसतात. वळणावर जोडीला आवरून फिरवणारा जोतकरी लागतो. निकाल सेकंदांत आणि सेकंदाच्या अंशांत लागतो. मी हे बांधावर उभा राहून, छत्री सावरत पाहिले आहे. जर्मनीतल्या खेळाचे नियम वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ते शेतच येत होते.

घाटावरच्या बैलगाडा शर्यतींचा धडाही इथे आठवावा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी आणली. २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत काय झाले? शर्यती चोरून होत राहिल्या. ओढ नाहीशी झाली नाही, फक्त नियम नाहीसे झाले. पोरांच्या वेगाचे आज नेमके तेच झाले आहे.

मोटारीचे वेडही आपल्याला परके नाही. आंबा घाट चढून गेले की कोल्हापूर. तिथे मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झालेल्या आहेत. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरला. याचा मला अभिमान आहे. पण त्या वाटेने जायला घरात पैसा लागतो, तोही हजारांत नव्हे. ती शिखराची वाट झाली. मी बोलतो आहे ते पायथ्याच्या अंगणाबद्दल.

त्या अंगणाचा हिशेब माझ्यातल्या निवृत्त अधिकाऱ्याने मांडून पाहिला आहे. स्लॅलमच्या कार्टला लागते ते साडेपाच-सहा अश्वशक्तीचे इंजिन, म्हणजे आपल्या आंबा बागायतदारांच्या फवारणीच्या पंपावर असते त्याच जातीचे. रत्नागिरी तालुक्यात ते खोलून पुन्हा बसवणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. सांगाडा नळीचा, तो नीट आखून दिला तर आयटीआयची किंवा तंत्रनिकेतनाची मुले वेल्डिंग करून उभा करतील. अभियांत्रिकीची मुले स्पर्धांसाठी असल्या गाड्या बांधतच असतात आणि स्पर्धा संपली की त्या महाविद्यालयाच्या मागे गंजत पडतात. तासाला दीड-दोन लिटर पेट्रोल धरा. तासाभरात तीस मुलांच्या फेऱ्या झाल्या, तर एका मुलामागे सहा-सात रुपयांचे पेट्रोल; वडापावसुद्धा त्याहून महाग. विजेवरची कार्ट घेतली तर धूर आणि आवाजही नाही. खरा खर्च हेल्मेटांचा, शंकूंचा आणि शिकवणाऱ्या माणसाचा. तो एखाद्या दहीहंडीच्या लाउडस्पीकरहून जास्त नसावा.

आता आक्षेप. पहिला सुरक्षिततेचा आणि तो मी हलका मानत नाही. २०१८ साली हरियाणात पिंजोरला आणि २०२० साली हैदराबादजवळ, मनोरंजनाच्या कार्टवर बसलेल्या तरुण स्त्रियांचे केस फिरत्या भागात अडकून त्यांचे जीव गेले. म्हणून साखळीवर आणि आसावर झाकण, केस बांधून हेल्मेटच्या आत, ओढणी-मफलर बंद, इंजिन दुरून बंद करण्याची सोय आणि सराव झालेला माणूस हजर, यांतले एक जरी नसेल तर त्या दिवशी कार्ट सुरू करायचीच नाही. जत्रेतल्या पाळण्यासारखा तिकिटांचा धंदा झाला, तर हा खेळ नको.

दुसरा आक्षेप, याने पोरांचे वेड वाढेल. वेड आहेच. ते मोजायचे असेल तर रविवारी सकाळी आरे-वाऱ्याला या. स्लॅलम शिकलेला मुलगा रस्त्यावर कधी चुकणार नाही, असा दावा मी करणार नाही. पण शंकू पडल्यावर दोन सेकंद गेले म्हणून हळहळलेला मुलगा, आपल्या घाईची किंमत असते हे एकदा तरी अंगाने शिकलेला असेल. रस्ता ही किंमत सेकंदांत घेत नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच मनातला. आपल्याकडे कुठलाही खेळ सुरू झाला, की दोन वर्षांत त्याच्या मंडपात खेळाडूंपेक्षा पाहुणे जास्त होतात. कुणाचा तरी चषक, कुणाच्या तरी वाढदिवसाचे औचित्य, डीजे आणि फलक. यावर माझ्याकडे उपाय नाही. एवढेच म्हणेन, की सुरुवात स्पर्धेने न करता शाळेने करावी. एक मैदान, दोन कार्ट, पावसाळा सरल्यापासून मे महिन्यापर्यंत दर रविवारी सकाळी. चंपक मैदानाचा एखादा कोपरा सपाट करून घेता येईल, औद्योगिक वसाहतीतला एखादा मोठा फरसबंद वाहनतळ सुट्टीच्या दिवशी मागता येईल. आरटीओच्या निरीक्षकांनी महिन्यातून एकदा यावे, दंडाची पावती न आणता. कुणा मोटार-डीलरने, कुणा बँकेने हेल्मेटे द्यावीत. दुचाकीच्या कर्जावर ज्यांनी व्याज मिळवले, त्या आमच्यासारख्यांचे हे थोडे देणेही लागते.

ते गुरुजी आता नाहीत. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी मी त्यांना गाडीची मूळ कागदपत्रे आणि बोजा उतरल्याचा दाखला परत दिला. गाडी तर केव्हाच भंगारात गेली होती. त्यांनी ते कागद नीट घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, “त्याला गाडी यायला लागली होती, साहेब. सरळ रस्त्यावर छान चालवायचा. वळणाचं तेवढं राहिलं.”

आपल्या कोकणात सरळ रस्ता आहे कुठे? जो काही आहे तो वळणांचाच. मग वळणांचे शिक्षण द्यायला एक अंगणभर जागा आणि रविवारची एक सकाळ आपण काढू शकत नसू, तर पुढच्या वेळी हळहळण्याचा अधिकारही आपल्याला नाही.